चाळीस सकाळींची वही

४ मार्च

दूध गॅसवर होतं आणि माझा एक डोळा त्याच्यावर. हातात बाबांचा शर्ट, दातांत दोरा. बटण पुन्हा तेच तुटलेलं, पोटावरचं. बाथरूममधून बाबांनी हाक मारली, "अगं, मशीन उठवलंस का?"

"तुम्ही आधी बाहेर या. माणसं उठल्यावर मशीन उठवतात."

"माणूस कधीचा उठलाय. दाढी करतोय."

मी शर्ट खुर्चीवर टाकला, जेवणाच्या टेबलापाशी गेले आणि मशीनच्या एका बटणावर बोट टेकवलं. काळा स्क्रीन उजळला. उभे रंगीत पट्टे, सात. वर उजव्या कोपऱ्यात एक आकडा. चित्र कुठे फाटलेलं नव्हतं, रंग जिथल्या तिथे होते. शेजारच्या वहीत तारीख लिहिली, आकडा लिहिला आणि पुढे लिहिलं, 'ठीक'. तेवढ्यात दूध वर आलं. धावत जाऊन गॅस बंद केला. पातेल्याच्या काठापर्यंत येऊन साय थांबली, सांडली नाही. मला त्या दिवशी त्याचंच कौतुक वाटलं.

मुंगे, सहा वर्षांनी लिहायला बसले आहे आणि सुरुवात दुधापासून करते आहे. पण काही दिवसांपासून ही सकाळच डोळ्यांपुढून हलत नाही. तुला ती माहीत असण्याचं कारण नाही. तू तेव्हा बाबांच्याच ऑफिसात कामाला होतीस, तिथेच जवळ मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होतीस आणि रविवारी यायचीस, पिशवीभर धुणं घेऊन.

पत्ता मावशीने दिला. "देते, पण तिला रागावू नकोस," म्हणाली. मी म्हटलं, रागवायला आता आवाज कुठे उरलाय. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. तू आली होतीस. दाराशी मागे उभी राहिलीस आणि कोणाशी न बोलता गेलीस, हे मी पाहिलं होतं.

लिहायचं कारण असं. परवा दाढीकाका आले होते. (ऑफिसातल्या बाबांच्या या मित्राला मी अजून तू ठेवलेल्या नावानेच हाक मारते. दाढी आता पांढरी झाली आहे.) कारखान्यात गेलेल्या त्या बॉयलरवाल्याच्या बायकोने पुन्हा अर्ज केला आहे. चौकशी परत उघडली आहे आणि बाबांनी ड्रायव्हरमध्ये केलेल्या त्या बदलाचे सगळे जुने कागद मागितले आहेत. बाबांची घरी एक वही होती, ती शोधा, असं ते म्हणाले. चहा घेतला, निघाले, आणि चपला घालताना म्हणाले, "नाही सापडली तर नाही सापडली म्हणून सांगा, वहिनी." जिन्यावरून पुन्हा वळून तेच म्हणाले. मला जरा नवल वाटलं.

मी आता वाचते. हे तुला सांगायचं होतं. शाळा नववीत सुटली, पुढचं सगळं वाचनालयाच्या कथा-कादंबऱ्यांवर. बाबा गेल्यावर मात्र त्यांच्या कपाटातली पुस्तकं काढली. पहिल्या पुस्तकाची पहिली वीस पानं वाचायला दोन महिने लागले. शेजारी शब्दकोश आणि शेजारी त्यांचा चष्मा, कारण माझ्या चष्म्यापेक्षा त्यांच्याच चष्म्याने बारीक अक्षर नीट दिसतं. पंचवीस वर्षं हा माणूस सकाळी जाऊन संध्याकाळी येत होता, तो दिवसभर काय करत होता ते मला कळून घ्यायचं आहे. जिवंतपणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, त्यांना हौस होती.

वही शोधते आहे. तुझी तब्येत कशी आहे ते कळव. एक ओळ पुरे.

आई


१५ मार्च

मुंगे,

तुझी ओळ आली नाही. टपालाला वेळ लागतो असं मी धरून चालते.

वही सापडली. कपाटात नव्हती. ते चाचणीचं मशीन ज्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकलं होतं, त्या पिशवीत तळाशी होती, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली. बाबांनी वही टॉवेलात कशाला गुंडाळावी? ते स्वतःचे मोजेसुद्धा कधी गुंडाळून ठेवत नसत.

अजून नीट उघडलेली नाही. आधी जेवढं वाचून कळलं तेवढं तुला लिहून बघते. चुकलं तर हसू नकोस. लग्नानंतर चार वर्षं मी माहेरी सांगत होते की हे ड्रायव्हर लिहितात, आणि आत्या म्हणायची, "ड्रायव्हर गाडी चालवतात गं, लिहितात कसले?" ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणजे मशीन आणि काच यांच्यामध्ये बसलेला निरोप्या, हे बाबांनी शेवटी आत्यालाच सांगितलं. तिला माझ्या आधी कळलं.

तर, हा निरोप्या चित्राच्या चिपला हुकूम देतो. चित्र एवढं मोठं दाखव, अमक्या ठिकाणचं दाखव, एका सेकंदात इतक्या वेळा दाखव. या सगळ्याची मिळून जी स्थिती होते तिला बाबा 'स्टेट' म्हणायचे, मी आपलं अवस्था म्हणते. दिलेला प्रत्येक हुकूम निरोप्या आपल्या टिपणात लिहून ठेवतो. पुन्हा तोच द्यायची वेळ आली की टिपण बघतो आणि म्हणतो, हे सांगून झालंय, परत कशाला. त्याने वेळ वाचतो.

स्क्रीन झोपला की चिपही झोपते. साध्या डुलकीत ती काही विसरत नाही. गाढ झोप लागली की सगळं विसरते. म्हणून जुना नियम असा होता की जागं झाल्यावर निरोप्याने आपलं टिपण फाडून टाकायचं आणि सगळे हुकूम पहिल्यापासून द्यायचे. त्याला तीन सेकंद लागायचे. तीन सेकंद काच काळी. कारखानेवाले कुरकुर करत, माणसं बटण दोन-दोनदा दाबतात म्हणून. बाबांनी बदल केला: टिपण फाडायचं नाही. डोळा मिटून उघडेपर्यंत चित्र हजर.

आणि चित्र दोन पाट्यांवर असतं, हे मला फार आवडलं. एक पाटी दाखवायची, तोवर दुसरीवर पुढचं चित्र काढायचं, मग अदलाबदल. अदलाबदल करत राहा, हाही एक हुकूमच. गाढ झोपेतून उठलेली चिप तो हुकूम विसरलेली, आणि निरोप्याचं टिपण म्हणतं, सांगून झालंय. मग काचेवर झोपण्याआधीची जुनी पाटी तशीच राहते. नवी चित्रं मागे काढली जात असतात, ती कोणाला दिसत नाहीत.

कापड रंगवायच्या त्या कारखान्यात हेच झालं ना? सकाळी बॉयलरवाल्याने स्क्रीन उठवला, पाणी पाऊण भरलेलं दिसलं, रजिस्टरमध्ये लिहिलं. खरं पाणी केव्हाच तळाला गेलं होतं. बाजूला पाणी दाखवणारी काचेची नळी होती, पण ती काळवंडलेली, आणि स्क्रीन आल्यापासून तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. सव्वासातला बॉयलर फुटला. अडतीस वर्षांचा होता तो.

त्याची बायको चौकशीच्या ऑफिसात बाकावर बसलेली मला आठवते. मी बाबांबरोबर गेले होते. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सांगत होती, "ते बघितल्याशिवाय लिहायचे नाहीत हो. तुम्ही साहेबांना सांगा ना." निकालात अर्धी चूक तुझी लिहिली, चाचणी न करता बाबांच्या बदलाला मंजुरी देऊन नाव घातलंस म्हणून, आणि अर्धी त्याची. त्याच्या नावापुढे 'निष्काळजी' लिहिलं. तो शब्द काढा, एवढ्याचसाठी ती अजून अर्ज करते आहे, असं दाढीकाका म्हणाले.

मी तेव्हा तिच्यासमोरून गेले. मनात म्हटलं, बाई, तुझ्या नवऱ्याने नीट बघितलं असतं तर दिसलं नसतं का?

आपल्या घरच्या मशीनचं म्हणशील तर माझं काम एवढंच होतं, एक नजर टाकायची. ऑफिसची वीज रात्री आठला बंद करायचा नियम होता, आणि बाबांना रात्रभर झोपवलेला स्क्रीन सकाळी तपासायचा होता, म्हणून ते मशीन घरी आणायचे. चाळीस सकाळी. मला कोणी मोजायला वगैरे सांगितलं नव्हतं.

आई


२८ मार्च

मुंगे,

तुझं कार्ड सोमवारी आलं. सहा वर्षांनी तुझं अक्षर. 'आई, ती वही उघडू नकोस.' बास. ना तारीख, ना सही. मी ते उलटून पाहिलं, मागे काही असेल म्हणून.

उशीर झाला गं. मी रविवारीच उघडली होती.

रविवारी दुपारी भांडी आवरून बसले. पहिलं पान बाबांच्या अक्षरात. 'सकाळी तपासणे: एक, चित्र पूर्ण आहे का. दोन, रंग बरोबर आहेत का. तीन, कोपऱ्यातला आकडा दर सेकंदाला वाढतो का. दहापर्यंत मोजणे.' खाली रेघ मारलेली, दोनदा.

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. मला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी टेबलापाशी उभं करून बाबांनी माझ्याकडून दहापर्यंत मोजून घेतलं होतं, लहान मुलीकडून घेतात तसं, आणि मी म्हणाले होते, "येतात मला आकडे." चार-पाच दिवस मोजलं. मग दूध असायचं, डबा असायचा. दहा सेकंद म्हणजे काय, पण दूध वर यायला दोन लागतात.

पुढे चाळीस दिवसांची पानं. डावीकडे रात्रीचा आकडा, बाबांच्या हातचा. उजवीकडे सकाळचा आकडा, माझ्या हातचा, आणि पुढे 'ठीक'. आता मला एवढं कळतं की झोपतो तो फक्त स्क्रीन. मागे मशीन जागंच असतं आणि आकडा वाढत असतो. रात्री बाबांनी ६१२ लिहिला तर सकाळी एकोणतीस हजारांच्या वर दिसायला पाहिजे. पहिले दिवस तसेच आहेत. ६१२, पुढे २९,४३०. ठीक. ५८८, पुढे २९,३९७. ठीक.

नवव्या दिवशी डावीकडे ६४०, उजवीकडे ६४०. ठीक.

मी चष्मा पुसला. परत पाहिलं. मग बोट ठेवून एकेक ओळ खाली गेले. चौदाव्या दिवशी ५९५ आणि ५९५. सतराव्या दिवशी. एकविसाव्या, बाविसाव्या. रोज नाही. गाढ झोप रोज कुठे लागते, माणसाला काय नि मशीनला काय. चाळीसपैकी अकरा दिवस. अकरा वेळा दोन सारखे आकडे शेजारी शेजारी, एक त्यांच्या अक्षरात, एक माझ्या, आणि त्यांच्यापुढे माझाच 'ठीक', गोल, नीटनेटका, शाळेत बक्षीस मिळालेल्या अक्षरात.

मुंगे, मी आकडा बघून लिहिला होता. शपथेवर सांगते. मला वाटलं होतं, स्क्रीन झोपला म्हणजे आकडाही झोपला. कधी जास्त दिसायचा, कधी तेवढाच. मला वाटायचं, असेल त्याचं काही. विचारावं असंही वाटलं नाही. आणि बाबांनी रोज रात्री त्याच वहीत, त्याच ओळीखाली नवा आकडा लिहिला आणि वरची ओळ पाहिली नाही. 'ठीक' पाहिलं आणि वही मिटली.

मी किती वेळ बसले माहीत नाही. शेजारीण वाटी परत द्यायला आली, "काय हो, बरं नाही का?" म्हणाली. मी "ठीक आहे" म्हटलं आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर वाटी तिच्याच हातात ठेवून दार लावून घेतलं.

त्या दिवसाचं लिहायलाच हवं आता. निकाल लागला होता, तू तुझी पुस्तकं न्यायला आली होतीस. मी दारात उभी राहिले. मी म्हणाले, "बाबांनी चाळीस दिवस घरी खपून तपासलं, आणि तू ऑफिसात बसून चाचणी न करता नाव घातलंस. त्या बाईचा नवरा खाल्लास. ह्या घरात परत येऊ नकोस." शब्दाला शब्द आठवतो मला. तू चपला काढल्यासुद्धा नव्हत्यास. तू विचारलंस, "आई, बाबांनी तुला दहापर्यंत मोजायला सांगितलं होतं ना?"

मी म्हटलं, "कसलं दहा? विषय बदलू नकोस."

तू म्हणालीस, "काही नाही." आणि पुस्तकं न घेताच गेलीस. ती अजून इथेच आहेत.

तुला माहीत होतं. तू वही पाहिली होतीस. तेव्हाच. नाहीतर दहा हा आकडा तू कुठून आणलास? आणि आता हे कार्ड. मला सांग, मला बरोबर कळलं आहे का? की म्हातारी वेडी झाली आहे?

आई


३ एप्रिल

मुंगे,

तुझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. दाढीकाकांना बोलावून घेतलं. वही टेबलावर उघडी ठेवली होती, नवव्या दिवसाचं पान. ते आत आले, वही पाहिली आणि बसायच्या आधीच म्हणाले, "अरे देवा."

"म्हणजे तुम्हालाही माहीत होतं."

"वहिनी, पाणी द्या आधी."

"पाणी तिकडे माठात आहे. घ्या आणि इथे येऊन बसा."

घेतलं बिचाऱ्यांनी. पेला हातात धरूनच सांगितलं. अपघातानंतर आठव्या दिवशी बाबांनी ही वही चौकशीला द्यायची म्हणून ऑफिसात नेली होती. त्यांना वाटत होतं, ही वही म्हणजे पुरावा, चाळीस दिवसांचा. तू म्हणालीस, "द्या, आधी मी वाचते." उभ्या उभ्या वाचलीस. मग खाली बसलीस. मग म्हणालीस, "बाबा, हे अक्षर आईचं आहे."

"पुढे?"

"पुढे काय वहिनी. तो पांढराफटक पडला. मी खोलीतच होतो. म्हणाला, मीच जाऊन सांगतो. मुंगी म्हणाली, काय सांगणार? बाहेरच्या माणसाकडून घरी चाचणी करून घेतली? आईला तिथे उभं करतील. प्रत्येक दिवसाचं विचारतील. पेपरात फोटो येईल. तुमचं पोटाचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता तेव्हा. ती म्हणाली, आईला हे झेपणार नाही. बदल वाचून नाव मी घातलंय, चाचणीही माझ्याकडे होती असं मी सांगते, केली नाही म्हणून सांगते. वही मग कोणी मागणारच नाही."

"आणि हे? हे काय म्हणाले?"

काकांनी पेल्याकडे पाहिलं.

"मी विचारतेय, तुमचे मित्र काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाला, वहिनी. मग वही पिशवीत घातली."

मी उठले. काय करायचं ते कळेना म्हणून त्यांच्या हातातला पेला घेतला, विसळला आणि पालथा घातला. त्यात अजून पाणी होतं. ते पाहत होते.

मग म्हणाले, "आता माझं ऐका. तो गेला. मुंगीचं जे व्हायचं ते होऊन गेलं, ती तिकडे शिकवण्या करते, रुळली आहे. वही सापडली नाही म्हणायचं. तुमच्या वयाला आता हे कशाला?"

"मुंगीचं काय होऊन गेलं?"

"म्हणजे, ते काम..."

"तिला परत त्या कामाला कोणी घेणार नाही, हेच ना? तिने चाचणी केली नाही असा शिक्का आहे म्हणून. काका, ती सात वर्षांची असताना तुमच्या मांडीवर बसून की-बोर्डाची बटणं उचकटून काढायची. तुम्हीच तिला मुंगी म्हणालात. एकदा शिरली की सोडत नाही म्हणून. ती शिकवण्या घेत रुळली असं तुम्हाला वाटतं?"

"नाही वाटत," ते म्हणाले. "पण तुम्हाला तिथे फाडून खातील, वहिनी."

"खाऊ देत. मला काही चव नाही आता."

त्यावर ते हसले, आणि मग रडले. दाढीतून. म्हातारा माणूस असा रडतो तेव्हा आपण काय करावं ते मला कधी कळलेलं नाही. मी त्यांना तोच पेला परत भरून दिला.

ते गेल्यावर मी बाबांच्या फोटोसमोर उभी राहिले आणि त्यांच्याशी भांडले. मोठ्याने. चार वर्षं हा माणूस माझ्यासमोर ताटावर मान खाली घालून जेवला आणि मी समजत होते, मुलीच्या लाजेने. मी तुझा विषय काढला की म्हणायचे, "जाऊ दे." मला वाटायचं, ते तुला सोडून द्यायला सांगत आहेत. ते मशीन पिशवीत बांधून स्वतः माळ्यावर चढवलं, धाप लागली तरी मला हात लावू दिला नाही. बायको की मुलगी, असा प्रश्न त्यांना पडला आणि उत्तर तू देऊन टाकलंस, आणि त्यांनी ते घेतलं. हे मी त्यांना माफ करेन की नाही, माहीत नाही. सकाळी त्यांचा चष्मा लावून वाचायला बसवलं नाही.

तुझ्यावरही राग आहे, ते ऐकून ठेव. तुम्ही दोघांनी माझ्याबद्दल एक टिपण करून ठेवलं होतं: आई हळवी आहे, आईला झेपत नाही. कधीचं होतं ते? तू दहावीत असताना मी चक्कर येऊन पडले होते, तेव्हाचं? नंतर एकदा तरी तपासून पाहिलंत का? मला विचारलं असतंत तर मी गेले असते. रडत गेले असते, पण गेले असते. आणि मी तुझं जे टिपण केलं होतं, बेफिकीर, बापाच्या जिवावर मोठी झालेली, तेही सहा वर्षं तसंच ठेवलं. काच लख्ख दिसत होती, मग मागे काय चाललंय ते कोण बघतंय.

अक्षर बघ कसं आलंय. बक्षीस देणाऱ्या बाई असत्या तर परत घेतलं असतं.

तुझी परवानगी मागत नाही. तू माझी मागितली नव्हतीस.

आई


५ एप्रिल

मुंगे,

परवाचं पत्र पेटीत टाकून आले, नवव्या दिवसाचं पान पुन्हा एकदा वाचलं आणि वही टॉवेलात न गुंडाळता साध्या पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवलं. गॅसपाशी उभी राहून तापवलं, दुसरं काही केलं नाही. बाबांच्या चष्म्याची काच पुसून तो पर्समध्ये घातला, कारण त्याच्याशिवाय मला कागद वाचता येत नाहीत. पहिल्या बसने चौकशीच्या ऑफिसात गेले. दाढीकाका फाटकाशी उभे होते, बोलावलं नव्हतं तरी.

ती बाई बाकावर होती. सहा वर्षांत केस पिकले आहेत. तिने मला ओळखलं नाही आणि सवयीने म्हणाली, "ते बघितल्याशिवाय लिहायचे नाहीत हो."

मी तिच्याशेजारी बसले. म्हटलं, "मला माहीत आहे. त्यांना जे दिसलं तेच त्यांनी लिहिलं. ते खोटं दिसतं हे त्यांच्या आधी मला दिसलं होतं, अकरा वेळा. मी ठीक म्हणून लिहिलं." तिला लगेच कळलं नाही. मी वही उघडून दाखवली. तिने दोन आकड्यांवर बोट ठेवलं, एकावर, मग दुसऱ्यावर, आणि मग बोट न उचलता माझ्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आतून तिचं नाव पुकारलं तेव्हा तिने शिपायाला सांगितलं, "आधी ह्यांना घ्या."

आत तीन साहेब होते. मी उभं राहूनच सांगितलं. चाचणी माझ्या मुलीकडे नव्हती, ती घरी मी करत होते. दहापर्यंत मोजायला सांगितलं होतं, मी मोजलं नाही. माझ्या नवऱ्याने माझं लिहिलेलं वाचलं नाही. मुलीने त्यांच्या शब्दावर नाव घातलं, आणि अपघातानंतर माझ्यासाठी खोटं सांगितलं. सगळं एका कागदावरही लिहून नेलं होतं, तो दिला. मधल्या साहेबांनी दोनदा वाचला. "आजी, हे कोणी सांगून लिहिलंय का?" मी म्हटलं, "सांगणारी माणसं गप्प बसा म्हणून सांगत होती."

त्यांनी वही चाळली आणि विचारलं, हे अक्षर तुमचंच कशावरून? एक कोरा कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं.

मी बाबांचा चष्मा लावला. मनात दहापर्यंत मोजलं. मग कागदावर सहाशे चाळीस हा आकडा लिहिला, आणि त्याच्यापुढे लिहिलं, ठीक.